खडी, मणी आणि महाशीर: प्रकल्पाच्या नोंदी

26 मे 2024, रविवार

वही नवी, पेन जुनं. भाचीचा हुकूम आहे की नोंद त्याच दिवशी लिहायची. नंतर आठवून लिहिलं की ती गोष्ट होते. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. मी सत्तावीस वर्षं माती आणि खडी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. रस्त्याची खडी, काँक्रीटची खडी, धरणाच्या भरावाची माती. माशांशी माझा संबंध आजवर ताटापुरताच.

सुरुवात आज जेवताना झाली. ती म्हणाली, "मामा, महाशीरच्या एका जातीचं शास्त्रीय नाव पुण्याच्या नदीतल्या माशावरून पडलंय, माहितीये का?" नव्हतं माहीत. कर्नल साइक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडायचा. जमीन, पीक, पाऊस यांच्याबरोबर पक्षी आणि मासेही टिपून ठेवायचा. त्याने 1839 साली या माशाचं वर्णन छापलं आणि नाव दिलं 'खुद्री'. नमुना मुळा-मुठेतला, पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवरचा. आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर. नकाशावर बोट ठेवलं तर ते मांजरीच्या आसपास पडतं. आज त्याला टॉर खुद्री म्हणतात. आपल्याकडे कोणी खडशी म्हणतं, कोणी खडस, आणि देवळाच्या डोहात असला की देवमासा.

मी म्हटलं, मग आता मांजरीला का नाही? पाणी घाण आहे म्हणून. बरं, उद्या पाणी काचेसारखं झालं, तर येईल? ती जरा थांबली. म्हणाली, "येईलही, पण अंडी कुठं घालेल?"

"कुठं घालतो?"

"खडीत."

झालं. हा शब्द माझ्या धंद्यातला. पानात आमरस तसाच राहिला आणि आम्ही कागदावर आकृत्या काढत बसलो.

28 मे, मंगळवार

भाचीने सांगितलेलं माझ्या शब्दांत उतरवून ठेवतो. चुकलं तर ती समासात लाल शाईने लिहील.

उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा हा मासा डोहात असतो. खोल, सावलीचा, मोठ्या शिळा असलेला डोह. तिथे जगायची अक्कल त्याला आहे, कारण तो खायला काहीही खातो. दगडावरचं शेवाळ, किड्यांच्या अळ्या, गोगलगायी, खेकडे, लहान मासे, काठावरच्या झाडाचं पडलेलं उंबर किंवा जांभूळ. जबड्यात दात नाहीत. दात घशात, तीन ओळींत. गोगलगाय आत ओढायची आणि घशात फोडायची. ओठ जाड, तोंडाशी चार मिशा, आणि खवले एवढे मोठे की अंगावरच्या मधल्या रेषेवर पंचवीस-सत्तावीसच मावतात. त्या खवल्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, त्यावरून वय काढतात.

पावसाळ्याचा पहिला लोंढा आला की मासा प्रवाहाच्या उलट निघतो. नदीतून उपनदीत, उपनदीतून ओढ्यात. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना हा मासा एवढा प्रिय का, त्याचं उत्तर इथे आहे. ज्याचं अंग फुगलेल्या ओढ्यात वर चढण्यासाठी घडलंय तो दोरीला लागल्यावर सहज कसा शरण येईल? इंग्रजांनी यालाच डोक्यावर घेतलं होतं.

वरच्या अंगाला, जिथे पाणी वाहतं, थंड असतं आणि तळाला दगडगोटे असतात, तिथे मादी अंडी घालते. एका दमात सगळी नाही, थोडी थोडी, हंगामभर. लोणावळ्याकडे हा हंगाम साधारण जुलै ते सप्टेंबर. अंडं सुमारे तीन मिलिमीटरचं, पिवळं, पाण्यापेक्षा किंचित जड. म्हणजे तरंगत नाही, दगडांच्या फटीत उतरतं. रोहू-कटला एका किलोमागे लाखांत अंडी घालतात, महाशीर हजारांत. थोडी घालायची, पण प्रत्येकाच्या शिदोरीत भरपूर बलक द्यायचा, असा हा हिशेब.

तीन-चार दिवसांत पिल्लू बाहेर येतं, पण पोहत नाही. पोटाला बलकाची मोठी पिशवी, अंग जड. उजेडाला भिऊन ते दगडांच्या सांदीत डोकं खुपसतं आणि शेपूट हलवत पडून राहतं, जवळजवळ आठवडाभर. मग पिशवी आटते आणि ते वर येतं.

म्हणजे अंडं आणि पिल्लू मिळून दहाएक दिवस खडीच्या पोटात. तेवढे दिवस त्या पोकळीतून ताजं पाणी वाहत राहिलं पाहिजे. दोन दगडांमधली जागा गाळाने भरली, की वरून नदी कितीही सुंदर दिसो, खाली श्वास बंद.

(लाल शाई: "मामा, 'अक्कल' नाही, 'क्षमता'." राहू दे. अक्कलच.)

ठरलेला प्रश्न: डोंगरातल्या ओढ्यापासून मांजरीपर्यंत खडीच्या पोटात जागा किती उरली आहे?

1 जून, शनिवार

पाऊस यायच्या आत नमुने उचलायला हवेत. मी सुचवलं होतं, जुलैत जाऊ, पाणी असताना. त्यावर चांगलीच बोलणी खाल्ली. अंडी घालायच्या दिवसांत त्याच खडीत फावडं घालायचं म्हणजे पाहुणा बघायला जाऊन त्याचं घर पाडून येणं.

पहाटेच्या लोकलने लोणावळा, तिथून रिक्षाने कुरवंडे. इंद्रायणी इथेच उगम पावते. ओढा आटत आलेला, डबक्यांची माळ. एक फूट बाय एक फुटाची लोखंडी चौकट खडीवर ठेवायची आणि आतला सहा इंच जाडीचा थर घमेल्यात काढायचा. एकाच जागेतून, आणि खूण करून, कारण दगड काम झाल्यावर परत आणून टाकायचे आहेत. ही अट तिची.

दगड काळे, बेसाल्टचे, कडा घासलेल्या, लिंबापासून पेरूपर्यंतच्या आकाराचे. घमेलं हलवलं तर खळखळ वाजलं. आवाजावरूनच कळतं, मधे भरताड नाही.

खाली वळवणचं धरण. 1916 सालचं, टाटांचं. इथे अडवलेलं पाणी घाट उतरून खोपोलीला जातं आणि वीज होऊन मुंबईला. देश सोडून कोकणात. त्यामुळे धरणाखालच्या इंद्रायणीला जवळपास नव्याने नदी व्हावं लागतं. धरणातल्या माशाला वर ओढ्यांत चढता येतं, पण खालचा मासा इथवर पोचू शकत नाही.

2 जून, रविवार

इंदोरीजवळ कुंडमळा. रांजणखळगे प्रसिद्ध, आणि रविवारची गर्दीही. गर्दीपासून दूर, खळग्यांच्या खालच्या बाजूला एक खडीचा पट्टा मिळाला. इथली खडी वाजली, पण बद्द.

काठावर एक भोई आजोबा जाळं सांधत बसले होते. खडशीचं विचारलं. म्हणाले, "ती दगडाची. गाळाची न्हाई. पैल्या लोंढ्याला वर चढायची, आमी आवाजावरनं वळखायचो." आता? हाताने 'गेली' असं केलं आणि परत सांधायला लागले. मी गेले चार दिवस जे पानभर लिहिलं ते त्यांनी दोन वाक्यांत संपवलं.

देहूला फक्त थांबलो, नमुना घेतला नाही. घाटावर मासे धरत नाहीत, पूर्वीपासूनची रीत. देहू-आळंदीच्या डोहांना महाशीर राखणाऱ्या जागा म्हणून अभ्यासक ओळखतात. तिकडे महाडजवळ वाळण कोंडीतही तसंच, देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही. कुरमुरे टाकले, पाणी ढवळलं, पण वर आलेले मासे कोणते ते गढूळपणात कळलं नाही. भाचीचं मत असं की डोह राखला म्हणजे मोठा मासा राखला. त्याची अंडी राखायला वरचा ओढाही राखावा लागतो, आणि ओढ्याला देऊळ नसतं.

दुपारी मांजरी. पुलाखालून उतरायला वाट शोधण्यातच अर्धा तास. काठावर राडारोडा. विटांचे तुकडे, टाइल्स, कमोडचं झाकण. गमबूट घालूनही पाय टाकवेना. चौकट ठेवली तर ती आपोआप आत गेली. घमेल्यात आलं ते काळं, लोण्यासारखं, आणि त्यात मधे मधे दगड. वास लिहीत नाही. एक मुलगा जाळ्यातून चिलापी काढत होता. दुसरं काही लागतं का, विचारलं, तर म्हणाला, "मांगूर. आन् त्यो काचंच्या पेटीतला काटेरी." म्हणजे शोभेच्या टाकीतून कोणीतरी नदीत सोडलेला सकरमासा. साइक्सच्या नमुन्याच्या गावात आज हे तीन पाहुणे.

दुसऱ्या बाटलीत पाणी घेतलं. विरघळलेला प्राणवायू किटवर पाहिला, लिटरला 1 मिलिग्रॅमच्याही खाली. कुरवंड्याच्या डबक्यात, उन्हाळा असून, सहा होता. स्वच्छ पाण्यात 20 अंशाला साधारण नऊ मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसात. म्हणजे पाणी तापलं की आधीच कमी, आणि वरून मैला.

5 जून, बुधवार

साहेबांची परवानगी घेऊन सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबलो. नमुने ओव्हनमध्ये 105 अंशाला वाळवून चाळण्या लावल्या. नेहमीचीच चळत, वर 80 मिलिमीटरची, खाली 4.75, सगळ्यात खाली 75 मायक्रॉन.

4.75 च्या खाली गेलेला माल, वजनाने:
कुरवंडे 6 टक्के. कुंडमळा 23. मांजरी 61.

रस्त्याच्या कंत्राटदाराला मांजरीचा माल मी 'नापास' शिक्का मारून परत पाठवला असता. माशाला तो अधिकार नाही.

पण टक्के म्हणजे जागा नव्हे. गाळ कुठे बसलाय, वर की आत, ते चाळणी सांगत नाही.

9 जून, रविवार

काल शहरात ढग फुटल्यासारखा पाऊस. रस्त्यांची नदी, दुचाक्या वाहून जाताना मोबाईलवर पाहिल्या. कुरवंड्याला आठ दिवस आधी गेलो ते बरं झालं.

16 जून, रविवार

अंड्याला पर्याय शोधतोय. तीन मिलिमीटर म्हटल्यावर पहिला विचार साबुदाण्याचा. बायकोने डबा काढून दिला, वर विचारलं, "माशाला उपास आहे का?" साबुदाणा पाण्यात पडल्यावर दहा मिनिटं ठीक, मग फुगतो आणि एकमेकांना चिकटतो. बाद.

रविवार पेठेत मण्यांच्या दुकानात गेलो. काचेचे मणी गोळीसारखे खाली जातात, दगडाला आपटून आवाज करतात. हलके प्लास्टिकचे तरंगले. दुकानदाराला 'पाण्यात हळूहळू बुडणारे मणी' मागितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सोडा, पण तिसऱ्या पुडीतले बरोबर निघाले. पिवळे, तीन मिलिमीटर, बादलीत सावकाश उतरणारे. शंभर-शंभरच्या पुड्या केल्या.

23 जून, रविवार

मणी-चाचणी, पहिला दिवस, पूर्ण फसली.

काचेच्या पेटीत कुरवंड्याची खडी सहा इंच थराने, तिच्यातून आलेल्या बारीक मालासकट, जशी नदीत होती तशी भरली. वर पाणी. शंभर मणी सोडले. अर्धे तरंगायलाच लागले! बुडणारे म्हणून निवडलेले मणी तरंगतात कसे? तासभर डोकं खाजवलं. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक मण्याच्या भोकात हवेचा बुडबुडा. आदल्या रात्री भिजत घालायला हवे होते, साबणाचा एक थेंब टाकून. सत्तावीस वर्षं नमुना भिजवून घ्यायला शिकवतोय पोरांना!

30 जून, रविवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. काम नाही. आईला घेऊन दर्शनाला गेलो, चार तास उभे.

7 जुलै, रविवार

मणी-चाचणी, नीट. मणी रात्रभर भिजवले. पेटीतून वाहतं पाणी हवं म्हणून माळ्यावरून कूलरचा पंप काढला. कूलर नाहीतरी आता मार्चपर्यंत झोपलेला.

कृती अशी: मणी सोडायचे, पाच मिनिटं थांबायचं, मग पंप चालू करून वरून प्रवाह द्यायचा. वाहून गेले ते मोजायचे. उरलेले किती खोल गेले ते थराथराने खडी काढत मोजायचं. प्रत्येक ठिकाणच्या खडीवर तीनदा.

कुरवंडे: शंभरातले सरासरी 5 वाहून गेले. उरलेले बहुतेक तीन ते चार इंच खोल. काही थेट तळाला.

कुंडमळा: 36 वाहून गेले. उरलेले वरच्या इंच-दीड इंचात अडकलेले. खाली वाळूने वाट बुजवलेली.

मांजरी: 98. दोन मणी गाळात रुतले, आणि ते कुठे गेले हे शोधायलाच मला चमचा लागला.

कुंडमळ्याचा आकडा मला सगळ्यात जास्त खातो आहे. मांजरीचं काय होणार ते नाकाला आधीच कळलं होतं. पण कुंडमळा डोळ्यांना सुंदर आहे. पाणी वाहतं, दगड दिसतात, लोक फोटो काढतात. तिथे एक तृतीयांश अंडी पहिल्याच धारेला जातील, आणि राहिलेली अशा उथळ जागी की कोणताही मासा चरता चरता टिपून घेईल.

भाचीचा आक्षेप: मणी म्हणजे अंडं नव्हे, अंडं पाण्यात फुगतं, आणि पेटी म्हणजे नदी नव्हे. मान्य. पण तिन्ही ठिकाणांना मणी तेच आणि पेटीही तीच. तुलनेपुरतं चालतं.

14 जुलै, रविवार

ती मागच्या वर्षी कॉलेजतर्फे वळवणचं महाशीर केंद्र पाहून आली होती. आज त्या वेळची टिपणं घेऊन बसली. 1970 च्या सुमाराला डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तळ्यातल्या पिकलेल्या माद्या पकडून, पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायचं तंत्र तिथे बसवलं. नराचं वीर्य कोरड्या भांड्यातच अंड्यांवर घालायचं, पाणी नंतर. आधी पाणी घातलं तर वीर्य काही क्षणांत निकामी होतं. मग अंडी उथळ ट्रेमध्ये, वरून सतत धार. पुढे एस. एन. ओगले यांनी ते काम वर्षानुवर्षं चालवलं.

एक गोष्ट मला फार आवडली. या दोघांनी फलित अंडी पाण्याशिवाय, ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठवून दाखवली. मटकीला मोड आणायला ओल्या फडक्यात बांधतो ना, तसं. अंड्याला पाणी साठलेलं लागत नाही, ओल आणि हवा लागते. मग गाळाने काय होतं ते उलगडतं. गाळ ओलच देतो, हवा अडवतो.

मत्स्यव्यवसायातले शब्दही मजेचे. नुकत्या निघालेल्या पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात, मग मत्स्यबीज, मग बोटाएवढी झाली की बोटुकली. स्वयंपाकघरापासून हातापर्यंत.

26 जुलै, शुक्रवार

काल शहरात पूर. खडकवासल्यातून रात्रीतून विसर्ग वाढला, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी. मावसभाऊ तळमजल्यावर राहतो, त्याचं सामान वर चढवायला गेलो. कमरेएवढं पाणी, चहाच्या रंगाचं.

रात्री तिथलं बाटलीभर पाणी मोजमापाच्या उभ्या सिलिंडरमध्ये ठेवलं (बायकोच्या मते वेडाची हद्द). तासाभरात तळाला बोटभर गाळ. धरण असलेल्या नदीत लोंढा असा येतो, दार उघडलं की भसकन आणि बंद केलं की बंद. माशाला वर चढायला हळूहळू वाढणारं आणि टिकणारं पाणी हवं. अचानक ओसरलं तर उथळात घातलेली अंडी उघडी पडणार. मावसभावाच्या घराचं जे झालं त्यापुढे हे लिहायला संकोच वाटतो, पण दार एकच आहे.

11 ऑगस्ट, रविवार

पाणी झिरपण्याची चाचणी, प्रयोगशाळेतल्या नळकांड्यात. एक लिटर पाणी त्याच दाबाने सहा इंच थरातून जायला लागलेला वेळ:

कुरवंडे 5 सेकंद. कुंडमळा 1 मिनिट 50 सेकंद. मांजरी 40 मिनिटांनी बंद केलं, तोवर पाव लिटरही उतरलं नव्हतं. धरणाच्या गाभ्याला घालायची माती अशी लागते.

पंचेचाळीस वर्षांचा एक सहकारी उभा राहून बघत होता. म्हणाला, "हे पास की फेल?" म्हटलं, कोण तपासतंय त्यावर आहे.

8 सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आमचा शाडूचा, बादलीत विसर्जन. त्यावरून डोक्यात किडा वळवळला. शाडू विरघळतो म्हणून चांगला, हे बरोबरच. प्लास्टरपेक्षा शंभर पटींनी बरा. पण विरघळतो म्हणजे जातो कुठे? मागच्या वर्षीच्या मूर्तीची माती कुंडीत होती. तिचे दोन चमचे कुरवंड्याच्या स्वच्छ खडीच्या पेटीत सोडले, पंप मंद ठेवला. पाणी दोन तासांत निवळलं. खडीवर मात्र सायीसारखा थर, आणि मणी सोडले तर 30 वाहून गेले.

दोन चमचे! आणि भाद्रपद म्हणजे अंड्यांच्या हंगामाचा शेवट. मांजरीच्या नदीला याने काही फरक पडत नाही, ती केव्हाच गेली. पण वरच्या गावांत, जिथे अजून खडी वाजते, तिथे मूर्ती बादलीत आणि माती झाडाला, एवढं कोणी सांगितलं तर? घरी बोललो. आई म्हणाली, "आता देवाच्या मातीतही खोट काढ." गप्प बसलो.

6 ऑक्टोबर, रविवार

आज भांडण. माझं म्हणणं होतं, केंद्रात बोटुकल्या लाखांनी करता येतात, तर नदीत सोडत राहा, मोठे होतील. खडीची कटकट कशाला? भाचीने कावेरीचं उदाहरण काढलं.

लोणावळ्याच्या खुद्रीची पिल्लं दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला. पण कावेरीत तिथला स्वतःचा पाठीवर कुबड असलेला महाशीर होता, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक. खुद्री वाढत गेला आणि तो दिसेनासा होत गेला. गंमत म्हणजे कुबडवाल्याला गळवाले शंभरएक वर्षं ओळखत होते, तरी त्याचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी हे 2018 मध्ये नक्की झालं. त्याच वर्षी तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या अतिधोक्याच्या यादीत गेला. आपला खुद्री आधी धोक्याच्या यादीत होता, आता कमी चिंतेच्या यादीत आहे.

म्हणजे पुण्याच्या नदीत ज्याला जागा नाही तो दुसऱ्याच्या नदीत जागा अडवून बसला. यादीत तो सुरक्षित. मांजरीत शून्य. दोन्ही खरं.

तिचा मुद्दा मला पटला तो असा: ट्रेमध्ये जन्मलेला मासा नदीत सोडणं म्हणजे वसतिगृहात वाढलेल्या मुलाला गावी पाठवणं. तो राहील. पण गावात घर बांधायला जागा नसेल, तर पुढच्या वर्षी परत वसतिगृहातूनच मुलं आणावी लागणार. नर दोन वर्षांत वयात येतो, मादीला त्याहून जास्त लागतात. तेवढ्या वेळात खडी मोकळी झाली नसेल, तर सोडलेला मासा फक्त म्हातारा होणार.

नदीकाठ सपाट करून दगडाचे बांध घालायची कामं शहरात चालू आहेत. काठाबद्दल सगळे बोलतात. तळाबद्दल मला अजून कोणी बोललेलं आढळलं नाही. मी तळाचा माणूस आहे, म्हणून कदाचित मलाच ते दिसत असेल.

24 नोव्हेंबर, रविवार

दगड परत करायचा दिवस. तीन गोण्या, तीन चिठ्ठ्या.

कुरवंड्याला ओढा अजून वाहत होता, गुडघाभर, गार. जूनमधली खूण पावसाने नेलेली, पण वरचा वाकडा उंबर ओळखीचा, त्याखालची जागा सापडली. दगड एकेक करून ठेवले. ओतायचे नाहीत, ठेवायचे. पाण्याखाली दगडाला दगड लागतो तेव्हा टक असा आवाज येतो. भाचीने पालथी पडून पाण्यात तोंड घालून पाहिलं. बोटाएवढे तीन-चार मासे, शेपटीकडे काळसर ठिपका, प्रवाहात तोंड करून स्थिर. कोणते? "लांबून सांगत नाही," म्हणाली. पकडायचं सामान आणलं नव्हतं, आणि ते बरंच झालं.

कुंडमळ्याची गोणी येताना टाकली. धुऊन नेली होती. चाळून काढलेली वाळू नाही टाकली. शास्त्रीय दृष्ट्या ही लबाडी आहे, तरी केली.

मांजरीची गोणी घरीच आहे. काळी माती म्हणजे कुंड्यांना चांगली, असं मला वाटलं होतं. बायकोने उघडून वास घेतला, परत तोंड बांधलं आणि गच्चीच्या कोपऱ्यात ठेवली. "गुलाबाला बघू नंतर," म्हणाली, "तुळशीला नाही."